तानपुरा कोपऱ्यात

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत मी गाणं शिकवते. घरापासून खासबाग चालत पाच मिनिटांवर. शाहू महाराजांनी १९१५ साली उभारलेलं पॅलेस थिएटर, म्हणजे आमचं केशवराव भोसले नाट्यगृह, तिथंच आहे. तिथल्या संगीत नाटकांना मी जायची आणि मध्यंतरात उठून यायची. नाट्यपद म्हणजे पातळ केलेला ख्याल, हे माझं पक्कं मत. संगीत नाटकांतल्या गायिका-नटी जयमाला शिलेदार आणि त्यांची लेक कीर्ती यांच्याबद्दल तर मुलींसमोर म्हणायची, "बाई कशी गाते हे एका पुरुषानं ठरवलं आणि या दोघी जन्मभर तेच गिरवत बसल्या." रोख स्त्रीभूमिका करणाऱ्या बालगंधर्वांकडं.

हे मी चुकीचं बोलत होते.

२२ जानेवारी २०२२ ला कीर्तीताई गेल्या. त्याच वर्षी एका पोरीला स्पर्धेसाठी 'स्वयंवर'मधलं रुक्मिणीचं यमनातलं पद हवं होतं. चाल ख्यालगायक भास्करबुवा बखल्यांची, त्यामुळं मी तयार झाले. आलाप, ताना, सगळं व्यवस्थित बसवलं. पोरगी म्हणाली, "बाई, हे ती कुणाला सांगतीया?"

मला सांगता आलं नाही. पदाच्या आधीचं वाक्यसुद्धा मला ठाऊक नव्हतं.

त्या रात्री कीर्तीताईंचं ध्वनिमुद्रण लावलं. पदातला एकही शब्द तानेखाली चिरडत नव्हता. ख्यालात एका अक्षरावर मी अख्खं आवर्तन काढते, मला कुणी विचारत नाही. त्यांना गाता गाता रुक्मिणीच राहायचं होतं, नऊवारीत, उभ्यानं, आणि पद संपलं की लगेच पुढचं वाक्य त्याच जिवानं बोलायचं. मग विद्याधर गोखल्यांचं 'स्वरसम्राज्ञी' ऐकलं. तमाशातली पोर शास्त्रीय गायिका होते. म्हणजे नटीनं एकाच रात्री फडाचा गळा लावायचा आणि मैफलीचाही. माझा गळा यातलं एकच करतो.

आणि नक्कल? जयमालाबाई खुद्द बालगंधर्वांबरोबर रंगमंचावर उभ्या राहून शिकल्या. बोलपटांनी नाटकमंडळ्या बंद पाडल्यावरही शिलेदारांनी १९४९ साली 'मराठी रंगभूमी' काढली आणि ते गाणं गावोगाव नेलं. माझ्या गुरूंची जागा मी जशीच्या तशी घेते तेव्हा मी त्याला घराणं म्हणते. त्यांनी घेतली की नक्कल! हा अन्याय मी वर्षानुवर्षं केला, तोही शिकत्या पोरींसमोर, याचं मला फार वाईट वाटतं.

८ ऑगस्ट २०२४ ला, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, नाट्यगृह जळालं. रस्त्यावर गर्दीत उभी राहून मी ज्वाळा बघत होते. ज्या खुर्च्यांवरून मी मध्येच उठून आले, त्या आत होत्या.

आता कुणी नाट्यपद शिकायला आलं, की आधी मी ते नुसतं बोलून दाखवायला सांगते. कुणाला सांगायचंय, कशासाठी, ते नीट कळेतो. तानपुरा तोवर कोपऱ्यात असतो.