मधल्या पिढीचं तारू

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी सुरतेला जाऊन आलो. माझी थोरली बहीण तिथे असते. भावोजी हजिऱ्याच्या एका कारखान्यात नोकरीला लागले, त्याला तीस वर्षं होऊन गेली. घरात आमची कोंकणी, दारात गुजराती आणि तायच्या उशाशी मराठी पुस्तकं, असा त्यांचा संसार. मराठी माणसाला सुरत म्हटलं की १६६४ आणि १६७० या दोनच साली आठवतात. मी मात्र या खेपेला काही लुटायला नव्हे, एक कागद पोचवायला गेलो होतो. बाबांचा जन्मदाखला.

गोंयकारांना जास्त सांगायला नको. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना, आणि त्यांच्या मुलानातवंडांना, पोर्तुगालचं नागरिकत्व मागता येतं. माझ्या भाच्याला ते हवं आहे. पण त्याचा रस्ता सरळ आजोबांकडून नातवाकडे जात नाही. आधी बाबांचं नाव लिस्बनच्या दप्तरात चढायचं, मग तायचं, मग त्याचं. बाबा कबूल आहेत. ताय सही करत नाही. "जावचें आसा ताका, म्हजें नांव कित्याक?" एवढंच तिचं म्हणणं. आणि दोन देशांचं नागरिकत्व आपला कायदा ठेवू देत नाही, हेही तिला पुरतं ठाऊक आहे.

पहिल्या रात्री भाच्याने माझ्या हातात एक जाडजूड इंग्रजी पुस्तक ठेवलं. "मामा, हें वाच." किम स्टॅनली रॉबिन्सनची 'ऑरोरा', २०१५ ची कादंबरी. पोरगा विज्ञानकथांचा वेडा. नारळीकरांची 'यक्षांची देणगी' मीच त्याला लहानपणी पाठवली होती, तेव्हा दोष कुणाला देणार! मला वाटलं, 'इंटरस्टेलर' सिनेमासारखं काहीतरी असेल, पृथ्वी संपत आली आणि एक शूर बाप नवं घर शोधायला निघाला, वगैरे. तसं नाही निघालं.

हिशेब बघा. सूर्याला सर्वांत जवळचा तारा प्रॉक्झिमा सेंटॉरी, सव्वाचार प्रकाशवर्षांवर. १९७७ साली सोडलेलं व्हॉयेजर-१ सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने धावतंय, त्या वेगाने तिथे पोचायला पंच्याहत्तर हजार वर्षं लागतील. वेग कितीही वाढवला तरी माणसाच्या एका आयुष्यात हे बसणं कठीण. म्हणून कथाकारांनी पिढ्यांची जहाजं काढली. चढणारे पोचत नाहीत, पोचणारे चढलेले नसतात. आणि मध्ये काही पिढ्या असतात, त्या जहाजात जन्मतात आणि जहाजातच मरतात. 'ऑरोरा'तलं जहाज टाऊ सेटी या ताऱ्याकडे निघालंय, बारा प्रकाशवर्षं दूर. दीडशेहून जास्त वर्षं झालीत. यंत्रं थकलीत, माती बिघडतेय, आणि हे सगळं ठिगळं लावून चालू ठेवणारी जी बाई आहे तिचं नाव देवी. ती चिडलेली आहे. ज्यांनी हे जहाज सोडलं त्या पूर्वजांवर चिडलेली. आम्हांला कुणी विचारलं होतं?

दुसऱ्या दिवशी भाच्याला म्हटलं, चल, तुझं गाव दाखव. तो जुन्या शहरात घेऊन गेला. सुरतेत पारशांच्या दोन आतशबेहराम आहेत, दोन्ही १८२३ च्या. आपल्याला आत प्रवेश नाही. रस्त्याच्या पलीकडे उभं राहून भिंत बघितली, झालं. पण तिथेच मला तो दुसरा प्रवासी आठवला, १७३३ ते १७३६ ही तीन वर्षं सुरतेत राहून गेलेला. इराणशाह, म्हणजे पारशांचा सर्वांत जुना पवित्र अग्नी.

पारशांच्या येण्याची हकिकत 'किस्स-ए-संजान' या फारसी काव्यात आहे. नवसारीच्या बहमन कैकोबाद नावाच्या धर्मगुरूने ते १६०० च्या सुमाराला रचलं, घटनेनंतर कित्येक शतकांनी, तेव्हा इतिहास म्हणून ते जपूनच घ्यायला हवं. पण गोष्ट ऐका. हुरमुजला राहणं अशक्य झालं तेव्हा एका जाणत्या दस्तुराने ग्रहताऱ्यांची गणितं मांडली आणि निघा म्हणाला. जहाजं निघाली ती दीवला लागली. दीव! आपल्याच 'गोवा, दमण आणि दीव'मधलं. तिथे एकोणीस वर्षं काढली. मग पुन्हा एका म्हाताऱ्या दस्तुराने तारे पाहिले, आपलं घर हे नव्हे, म्हणाला, आणि पुन्हा जहाजं सुटली. वादळ झालं. वाचलो तर बेहरामचा अग्नी स्थापू, असा नवस बोलले, आणि संजानच्या किनाऱ्याला लागले. तिथल्या जादी राण्याने अटी घातल्या. धर्म समजावून सांगा, इथली भाषा बोला, बायकांनी इथलं नेसावं, शस्त्रं खाली ठेवा, लग्नं संध्याकाळी लावा. दुधात साखरेची गोष्ट सगळ्यांना पाठ असते, ती गोड आहे, पण ती या काव्यात नाहीच. काव्यात आहे तो अटींचा करार.

मला मात्र अडकायला झालं ते दीवच्या एकोणीस वर्षांपाशी. काव्य तिथून भराभर पुढे सरकतं. पण एकोणीस वर्षं म्हणजे दीवमध्ये जन्मलेली पोरं लग्नाला आली असणार. त्यांना इराण माहीत नाही, संजान माहीत नाही. त्यांचं घर दीवच. एका सकाळी कुणी म्हातारा आकाश बघून सांगतो, उठा. त्यांतलं कुणी 'नाही' म्हणालं असेल का?

आणि तो अग्नी तरी कुठे एका जागी राहिला! संजान पडल्यावर बाहरोटच्या डोंगरातल्या गुहा, मग वांसद्याचं रान, मग तीनशेवर वर्षं नवसारी, मग सुरत, परत नवसारी, वलसाड आणि १७४२ पासून उदवाडा. दिवसातून पाच वेळा त्याची सेवा करायची, विझू द्यायचा नाही. सुरतेतल्या त्या तीन वर्षांत लाकडं घालणाऱ्याने स्थापना पाहिली नव्हती आणि उदवाडाही पाहिलं नसेल कदाचित.

हे भाच्याला सांगत होतो तर तो म्हणाला, "मामा, आपलो मंगेशूय तसोच न्हय?" खरंच की. आमचं मूळ कुशस्थळीचं. १५६० मध्ये मंगेश झुआरी ओलांडून प्रियोळला आला. शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला. अंत्रूज तेव्हा विजापूरच्या आदिलशाहीत होता. म्हणजे आमच्या देवांचे जादी राणे मुसलमान सुलतान होते, हे आपण जत्रेत फारसं आठवत नाही. असो. तारांगणाच्या कथांत नवा ग्रह बहुधा रिकामाच असतो. खऱ्या प्रवासात किनाऱ्यावर नेहमी कुणीतरी उभं असतं.

नदी न ओलांडता समुद्राने खाली गेले तेही पुष्कळ. त्यांच्यातल्या तिघांची खूण सुरतेत निघेल असं वाटलं नव्हतं. कतारगामकडे डचांचं जुनं कबरस्तान आहे. त्यातली सर्वांत भव्य कबर, कबर कसली, दुमजली घुमटीच, हेंड्रिक व्हान रीड याची. मलबारचा डच अधिकारी. कोचीहून सुरतेला येताना १६९१ मध्ये तो जहाजावरच वारला. त्याचा 'होर्तुस मलबारिकुस' हा वनस्पतींचा ग्रंथ बारा खंडांत अ‍ॅमस्टरडॅमला छापला गेला. त्यात रंगभट, विनायक पंडित आणि आपू भट या कोचीच्या तीन वैद्यांचं १६७५ सालचं नागरीतलं कोंकणी प्रमाणपत्र आहे. गोव्यातून उठून गेलेल्यांचे वंशज. नदी सुटून शंभरावर वर्षं झाली होती, भाषा सुटली नव्हती. त्या घुमटीच्या सावलीत आम्ही दोघं बराच वेळ बसलो. भाचा म्हणाला, "पळे, गेले म्हूण कांय सोंपले नात." वकिली चांगली करतो!

त्याला म्हटलं नाही, पण ज्यांचा पासपोर्ट तू घेणार आहेस त्यांनीच १५३० मध्ये ही तुझी सुरत जाळली होती. आणि तो ज्या मंगेशाची साक्ष काढतोय त्यालाही त्यांनीच नदीपार घालवलं. पण मग लक्षात आलं, की हे त्याला सांगून मी माझंच म्हणणं तायच्या तोंडी घालतोय. मी इथे मध्यस्थ म्हणून आलो होतो की हरकतदार म्हणून, मला अजून नीट ठरवता आलेलं नाही.

शेवटच्या रात्री ताय स्वयंपाकघरात पडवळ चिरत होती. मी पुस्तक संपवून बाहेर आलो.

"ती देवी," तिने विचारलं, "तिचें कितें जालें?" पोराने तिला गोष्ट सांगितली होती तर.

"पोचायच्या आधीच मेली," मी म्हटलं.

"आनी चली?"

"चली पोचली. पण ती जागा माणसांना मानवली नाही. तिथे गेलेली माणसं मेली. मग जहाजात भांडण झालं, काही तिथेच राहतो म्हणाले, काही परत फिरले. ती परत फिरली."

ताय बराच वेळ काही बोलली नाही. पडवळातल्या बिया तिने चमच्याने काढल्या आणि नेहमीसारख्या एका वाटीत ठेवल्या. तीस वर्षांपूर्वी लग्नानंतर ती गोव्याहून निघाली तेव्हा आईने तिला असंच बियाणं बांधून दिलं होतं, गच्चीतल्या कुंड्यांत ते अजून चालू आहे. मग हात पुसून तिने बाबांचा दाखला उचलला. पोर्तुगीज तिला वाचता येत नाही. बाबांचं नाव तेवढं बोटाने शोधलं, आणि कागद देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवला.

मी परत आलो त्याला आता बरेच दिवस झाले. सही केली की नाही, तिने अजून कळवलेलं नाही.