प्रेषकाचा प्रश्न : ‘काशे’ आणि श्रीवर्धनचा किनारा

रहस्यकथा आणि तिचा वाचक यांच्यात एक अलिखित करार असतो. प्रारंभी एक प्रश्न उपस्थित केला जातो, अखेरीस त्याचे उत्तर मिळते आणि प्रश्नाने जागवलेली अस्वस्थता उत्तरासरशी शमते. या करारात वाचकाची एक सोयही दडलेली आहे. गुन्हेगार कोण हे एकदा निश्चित झाले की उरलेले सर्व जण, वाचकासकट, आपोआप निर्दोष ठरतात. मिखाएल हानेके या ऑस्ट्रियन दिग्दर्शकाचा ‘काशे’ (२००५) हा फ्रेंच चित्रपट रहस्यकथेचा घाट स्वीकारतो आणि नेमकी ही सोय नाकारतो. शीर्षकाचा अर्थच मुळी ‘दडवलेले’ असा आहे. मात्र कोणी दडवले आणि कोणापासून, हे सांगण्याची जबाबदारी शीर्षक घेत नाही.

पहिले दृश्य पॅरिसमधील एका घराचे आहे. कॅमेरा स्थिर आहे, पार्श्वसंगीत नाही आणि बराच वेळ काहीही घडत नाही. मग घरातील माणसांचे आवाज ऐकू येतात, दृश्य उलटे फिरू लागते, आणि आपण पाहत होतो ती कोणी अज्ञाताने दाराशी ठेवलेली व्हिडिओफीत होती हे प्रेक्षकाला कळते. संपूर्ण चित्रपट डिजिटल कॅमेऱ्यावर चित्रित केलेला असल्याने फितीतील दृश्य आणि चित्रपटातील दृश्य यांच्या पोतात फरक राहिलेला नाही. परिणामी पुढील प्रत्येक स्थिर दृश्याविषयी संशय उरतो : हे निवेदन आहे की टेहळणी? निवेदनशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर दृष्टिबिंदू कायम आहे, त्याचा धनी मात्र बेपत्ता आहे.

ज्याच्यावर ही नजर रोखलेली आहे तो जॉर्ज दूरदर्शनवरील साहित्यचर्चेचा सूत्रधार आहे. घराच्या भिंती पुस्तकांनी भरलेल्या आहेत. चर्चेतील नको तो भाग संकलनकक्षात कापून टाकणे हा त्याच्या व्यवसायाचाच भाग आहे. समीक्षेच्या अभ्यासकांनी हा तपशील सहज सोडून देऊ नये. वाचन माणसाला स्वतःकडे पाहावयास शिकवते, या आपल्या आवडत्या गृहीतकाला तो तडा देतो.

फितींचा माग जॉर्जच्या बालपणाकडे जातो. १७ ऑक्टोबर १९६१ रोजी पॅरिसमधील अल्जेरियनांचा शांततामय मोर्चा पोलिसांनी चिरडला. कित्येकांचे मृतदेह सेन नदीत फेकले गेले आणि मृतांचा अधिकृत आकडा दीर्घकाळ अत्यल्प सांगितला गेला. जॉर्जच्या वडिलांच्या शेतावर राबणारे एक अल्जेरियन जोडपे त्या दिवशी शहरात गेले, ते परतले नाही. त्यांच्या पोरक्या मुलाला, माजीदला, दत्तक घेण्याचे ठरत असता सहा वर्षांच्या जॉर्जने खोटे सांगून त्याला घराबाहेर काढविले. प्रौढपणी जॉर्ज त्याच माजीदवर संशय घेतो, त्याला धमकावतो आणि त्याच्या मुलासह एक रात्र कोठडीत बसवतो. मधल्या चाळीस-बेचाळीस वर्षांत या माणसाचे काय झाले, हे तो एकदाही विचारीत नाही. माजीद त्याच्या डोळ्यांदेखत स्वतःचा गळा चिरून घेतो, त्यानंतरही नाही. जॉर्ज गोळ्या घेतो, पडदे ओढतो आणि झोपतो.

पाहिले जाण्याच्या जाणिवेने माणूस स्वतःवरच पहारा बसवू लागतो, असे विवेचन मिशेल फुको यांनी १९७५ मध्ये केले होते. जॉर्जच्या बाबतीत हे घडत नाही. टेहळणी त्याला शिस्त लावीत नाही की पश्चात्तापाकडेही नेत नाही. ‘मी काय केले?’ या प्रश्नाच्या जागी ‘मला कोण पाहत आहे?’ हा प्रश्न ठेवण्याची संधी ती त्याला देते. दुसरा प्रश्न अधिक निकडीचा भासतो, म्हणूनच तो पहिल्याला झाकू शकतो. फिती कोणी पाठवल्या याचे उत्तर हानेके अखेरपर्यंत देत नाही. ते दिले असते तर पहिला प्रश्न कायमचाच मिटला असता.

प्रश्नांची ही अदलाबदल केवळ पॅरिसच्या एका घरात घडते असे नाही. १८ ऑगस्ट २०२२ रोजी रायगड जिल्ह्यातील हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक बोट लागली. बोटीत माणूस नव्हता, तीन एके-४७ रायफली मात्र होत्या. जिल्ह्यात नाकेबंदी झाली, विषय विधानसभेत पोहोचला. बोट एका ऑस्ट्रेलियन महिलेच्या मालकीची असल्याचे, मस्कतहून युरोपकडे जाताना जूनमध्ये तिचे इंजिन बिघडल्याचे, त्यावरील माणसांची सुटका झाल्याचे आणि रिकामी बोट प्रवाहाबरोबर वाहत आल्याचे त्याच दिवशी सांगण्यात आले. प्रेषक सापडला होता : भर पावसाळ्यातला समुद्र. किनाऱ्याने सुटकेचा निःश्वास टाकला आणि विषय संपला.

परंतु एका रिकाम्या बोटीने एवढी धडकी का भरावी? याचे उत्तर त्याच तालुक्यात आहे. फेब्रुवारी १९९३ मध्ये श्रीवर्धन तालुक्यातील शेखाडी येथे आरडीएक्स उतरविले गेले. १२ मार्च रोजी मुंबईत झालेल्या स्फोटमालिकेत २५७ माणसे मृत्युमुखी पडली. किनारा त्या वेळी बिनपहाऱ्याचा नव्हता. विशेष टाडा न्यायालयाने २००६-०७ मध्ये दोषी ठरविलेल्यांत सीमाशुल्क खात्याचे अधिकारी होते आणि पोलीसही होते. जानेवारी १९९३ मध्ये दिघीला उतरलेला तस्करीचा माल गोंडघर फाट्यावर पोलिसांनी अडविला होता. सौदा ठरला, रोकड अपुरी पडली, तेव्हा चांदीच्या विटा तारण ठेवून गाड्या पुढे गेल्या. येथे नजर कमी पडली नव्हती. तिने पाहिले, आणि पाहिल्याची किंमत घेऊन ती वळली.

पहारा हा या किनाऱ्याचा जुनाच धर्म आहे. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरीला तटबंदी घातली, तर पुढच्याच वर्षी सिद्दीने समोरची उंदेरी बांधून काढली. दोन बेटे एकमेकांवर डोळा ठेवून उभी राहिली. १९९३ नंतर मात्र नजरेची दिशा बदलली. त्याच वर्षी ‘ऑपरेशन स्वान’ सुरू झाले. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर नौकांची नोंदणी कडक झाली आणि मच्छीमारांच्या हाती बायोमेट्रिक ओळखपत्रे आली. किनारी सुरक्षेचे ‘डोळे आणि कान’ म्हणून ज्यांचा गौरव होतो, तेच कोळी आणि कोकणी मुसलमान मच्छीमार भर समुद्रात आपली ओळख सिद्ध करतात.

हे साम्य ताणू नये. माजीद निरपराध होता. शेखाडीचा माल उतरविण्यात स्थानिक हात होते आणि त्यांनाही शिक्षा झाल्या. ओळखपत्रांची व्यावहारिक गरजही नाकारण्याचे कारण नाही. तथापि न्यायालयाने दोष व्यक्तींवर ठेवला, संशय मात्र अवघ्या किनाऱ्यावर पसरला. गणवेशातील नजर विकली गेली होती, त्याचा पुरावा आता मच्छीमार खिशात बाळगतो.

त्या स्फोटांवरील अनुराग कश्यप यांचा ‘ब्लॅक फ्रायडे’ न्यायालयीन स्थगितीमुळे २००७ मध्ये प्रदर्शित होऊ शकला. तपासाच्या वाटेने जाणारी ही कृती नावे, तारखा आणि ठिकाणे यांच्या निश्चितीवर उभी आहे, आणि तिचे मोल तेथेच आहे. कायद्याला उत्तर लागतेच. उत्तर मिळाल्यावर जे शिल्लक राहते त्याचा हिशेब कलाकृतीला मांडावा लागतो. तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्येही आरोपी कोण हे प्रारंभीच ठरते, आणि नाटक बेणारेबाईंकडे बोट दाखवणाऱ्यांची उलटतपासणी करीत जाते.

‘काशे’चे शेवटचे दृश्यही स्थिर आहे. शाळा सुटली आहे, पायऱ्यांवर मुलांची गर्दी आहे, आणि एका कोपऱ्यात जॉर्जचा मुलगा आणि माजीदचा मुलगा बोलत उभे आहेत. शब्द ऐकू येत नाहीत, आणि अनेक प्रेक्षकांना ती दोघे दिसतही नाहीत. या क्षणी टेहळणीच्या जागी प्रेक्षक स्वतः बसलेला असतो. त्याच्याकडे तक्रार करण्यासाठी अंधार नाही, आडोसा नाही, घाई नाही. सारे समोर असता त्याने काय पाहिले आणि काय पाहूनही जाऊ दिले, एवढेच विचारायचे उरते. गोंडघर फाट्यावरही त्या रात्री प्रश्न एवढाच होता.