पट्टीवरचा कांदा

२५ एप्रिल २०२४
गुजरातचा पांढरा कांदा परदेशी जाणार, दोन हजार टन. आपल्या गावरान कांद्याला डिसेंबरपासून बंदी ती बंदीच.

२७ एप्रिल
चॅनेलवर पट्टी: कांदा निर्यातबंदी उठली! ९९,१५० टन, सहा देश. तात्या पेढे आणायला निघाले. भाच्याने मोबाइलवर बातमी नीट वाचली. बरीचशी परवानगी आधीचीच, आज फक्त बेरीज केली. तात्या चपला काढून बसले. पट्टी रात्रीपर्यंत फिरत होती.

२८ एप्रिल
मंचरला पिशव्या पाठवल्या. दहा किलोला दीडशेच्या आतच.

३० एप्रिल
काल पुण्यात मोदींची सभा. ‘भटकती आत्मा’. नाव घेतलं नाही, पण शरद पवारच, यावर सगळ्यांचं एकमत. सकाळी डेअरीवर तेच, सलूनमध्ये तेच. एरवी फॅटच्या एका पॉइंटवरून हमरीतुमरीवर येणारा गडी आज आत्म्यावरून आला. मी कांद्याचं काढलं. “ते आहेच की,” म्हणाले, आणि परत आत्मा.

३ मे
प्रचाराच्या गाड्या. आढळराव लांडेवाडीचे, आपल्या तालुक्यातले, यंदा घड्याळावर. स्पीकर ओरडतो: खासदार कोल्हे पाच वर्षं दिसले का? मागून तुतारीची गाडी: कांदा, दूध, कांदा. कोल्हे डिसेंबरात शिवनेरीवरून आक्रोश मोर्चा घेऊन निघाले, तेव्हापासून त्यांनी हे सोडलेलं नाही. विषय कुणीतरी लावून धरावा लागतो.
बैलगाडा शर्यत आम्हीच सुरू केली, हे मात्र दोघंही सांगतात. सुप्रीम कोर्टाला श्रेय द्यायला कुणी तयार नाही.

४ मे
बंदी उठली. खरीखुरी. टनाला किमान ५५० डॉलर, वर ४० टक्के शुल्क. मतदान १३ला. तात्या पेढ्यांचं बोलले नाहीत.

९ मे
एसटीत वरच्या गावची मावशी, हिरड्याचं बोचकं मांडीवर. “आमचा हिरडा दाखवत्यात का रं टीव्हीत?”

१३ मे
मतदान केलं. आईला विचारलं, काय मनात धरून बटण दाबलंस? “पाणी.” उशाला डिंभे धरण. पट्टीवर पाणी आलं नव्हतं कधी.

४ जून
कोल्हेंची आघाडी १ लाख ४० हजारांच्या पुढे. संध्याकाळी त्याच चॅनेलवर चार तज्ज्ञ: कांद्याने वांदा केला!
“आत्ता कळलं व्हय ह्यांना?” तात्या.
जेवणं होईपर्यंत पट्टी बदलली. नितीशकुमार कुणाकडे जाणार? तात्यांनी आवाज वाढवला.