उलटणारी गाय

श्रीगोंदा तालुक्यातल्या काष्टीच्या शनिवारच्या बाजारात गाईचं वय दातांवरून कळतं, दुधाचा अंदाज कासेवरून बांधता येतो. गाभ धरते का, हे मात्र कुणी छातीठोकपणे सांगत नाही. 'उलटते' एवढं कानावर आलं की गिऱ्हाईक पुढच्या दावणीकडे सरकतं.

माझं काम गाईंचे भ्रूण प्रयोगशाळेत वाढवण्याचं. त्यामुळे उलटणारी गाय दिसली की माझा पाय तिथेच घुटमळतो. भरवल्यावर एकवीस दिवसांनी गाय पुन्हा माजावर आली की मालक म्हणतो, ठरलीच नाही. पुष्कळदा फलन झालेलं असतं, भ्रूण आठ-दहा दिवस जगलेलाही असतो. सोळाव्या दिवसाच्या सुमाराला त्याने इंटरफेरॉन टाऊ नावाचं प्रथिन सोडून आपण असल्याचं गर्भाशयाला कळवायचं असतं. ते कमी पडलं की गर्भाशयातून प्रोस्टाग्लँडिन सुटतं, अंडाशयावरचा पीतपिंड विरतो आणि गाय हंबरायला लागते. गेलं कोण, याचा मालकाला पत्ताच नसतो.

तेवढं बळ येईपर्यंत भ्रूणाला वाढवतं कोण? आमच्याकडे तो खनिज तेलाखालच्या जेमतेम 50 मायक्रोलिटरच्या थेंबात असतो. तापमान 38.5 अंश, थेंबात क्षार, अमिनो आम्लं, अल्ब्युमिन, सगळं मोजून घातलेलं. तरी एकटा ठेवलेला भ्रूण बहुधा रेंगाळतो. त्याच थेंबात वीस-पंचवीस ठेवले, तर सातव्या दिवशी पोकळी धरलेले टपोरे ब्लास्टोसिस्ट जास्त मिळतात. पंगतीत जेवण जास्त जातं, तसंच काहीसं. परिया आणि सुधांशू डे या संशोधकांनी 1990 मध्ये उंदरांच्या भ्रूणांवर हेच दाखवलं. एकट्या भ्रूणाच्या थेंबात ईजीएफ हा ग्रोथ फॅक्टर घातल्यावर त्याची वाढ सुधारली. म्हणजे भ्रूण एकमेकांसाठी काहीतरी सोडत असतात. हा ईजीएफ स्टॅनली कोहेन यांना सापडला तो उंदराच्या लाळग्रंथीच्या अर्कात! त्या अर्कामुळे नवजात पिल्लांचे डोळे वेळेआधी उघडत होते. 1986 चं नोबेल त्यांना आणि रिटा लेव्ही-मोंताल्चिनी यांना मिळालं.

गाईच्या बाबतीत मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो आयजीएफ-1 हा दुसरा ग्रोथ फॅक्टर. मिलिलिटरला 100 नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा एक कोटीवा भाग, एवढ्यानेही ब्लास्टोसिस्टचं प्रमाण वाढू शकतं. फ्लोरिडा विद्यापीठात पीटर हॅन्सन यांच्या गटाने गाईच्या भ्रूणांना 41 अंशांची झळ दिली, तेव्हा आयजीएफ-1 मिळालेले भ्रूण ती जास्त चांगली सोसू शकले. श्रीगोंद्याचा एप्रिल-मे आठवला की हा प्रयोग परदेशातला वाटत नाही.

हे ऐकून गोठ्यावर हमखास प्रश्न येतो: मग त्याचं इंजेक्शन द्या की! अहो, गाईच्या रक्तातला आयजीएफ-1 मुख्यतः तिच्याच यकृतात तयार होतो. व्यायल्यावर दूध चढत जातं, खाणं त्या मानाने पुरत नाही, गाय अंगावरचं मांस-चरबी दुधात उतरवते. नेमका तेव्हाच रक्तातला आयजीएफ-1 घसरतो. आणि त्याच दिवसांत आपल्याला तिला भरवायची घाई असते.

तेव्हा व्यालेल्या गाईला निदान साठ दिवस द्या, खुराक सांभाळा, उन्हाळ्यात सावली आणि पाणी कमी पडू देऊ नका. त्यानंतरही उलटली तर आधी डॉक्टरकडून तपासून घ्या. काष्टीचा बाजार दर शनिवारी भरतोच.