मोत्या आणि नवें पिल्लूं

आमच्या घरीं सध्यां दोन कुत्रे आहेत. पहिला मोत्या. मोटारीखालीं पाय सांपडून तो रस्त्याच्या कडेस कण्हत पडला होता. उचलण्यापूर्वीं मीं त्याच्या तोंडास मऊ फडकें बांधलें. कारण वेदनेनें व्याकुळ झालेलें गरीब जनावरही चावतें. ‘पिसाळलेला असला तर?’ ही आमच्या मंडळींची भीति अनाठायीं नव्हती. पाश्चर साहेबांनीं १८८५ सालीं जोसेफ माइस्टर या ९ वर्षांच्या मुलास लस टोचविली, तेव्हांपासून दंशावर उपाय आहे खरा. पण रोगाचीं लक्षणें दिसूं लागल्यावर रोगी क्वचितच वांचतो. म्हणून दंश होतांच जखम साबणानें व वाहत्या पाण्यानें १५ मिनिटें धुवावी आणि तत्काळ दवाखाना गांठावा.

मोत्या लंगडा राहिला, पण वांचला. पुढें जनावरांच्या दवाखान्यांतून एक पोरकें पिल्लूं आणलें, तेव्हां त्यानें दोन दिवस अन्न वर्ज्य केलें! मुलांना त्याची मौज वाटली; मला वाटलें, ज्याला घर उशिरां मिळालें त्यालाच तें जाण्याची धास्ती अधिक. उभयतांस मोकळ्या मैदानांत भेटविलें, ताटल्या निराळ्या ठेविल्या, आणि पहिला घास मोत्यालाच देण्याचा नेम केला. आठव्या दिवशीं पिल्लूं त्याच्या पोटाशीं मुटकुळें करून झोंपलेलें आढळलें.