धम्मसहलीचा इसार

आमच्या मंडळाची अजिंठ्याची धम्मसहल दर वर्षी निघते. हिशेबाची वही आमच्याकडे; कारकुनाला दुसरे काम कोण देणार! तीन वर्षांपूर्वी ती वही पुरी करताना एक गोष्ट ध्यानात आली. गाडीभाडे सोडले तर बाकीचा जवळपास सर्व पैसा आमच्याच नाक्यावरच्या किराणा दुकानात गेला होता. तांदूळ, पीठ, तेल इथले, आचारीही इथलाच. फर्दापूरला आम्ही ठेवून आलो त्या फक्त उष्ट्या पत्रावळी.

चित्रांना धुराचा त्रास होऊ नये म्हणून गाड्या फर्दापूरच्या तिठ्यावर थांबतात. पुढे सुमारे 4 किलोमीटर एस.टी.च्या बसने जायचे. हे योग्यच आहे. पण दुकानदाराची कमाई आता तिठ्यावरच्या तेवढ्या वेळेत. तिथे चहा-भज्यांचे दुकान चालवणाऱ्या एक बाई आम्हाला म्हणाल्या होत्या, "भाऊ, निळ्या झेंड्याच्या गाड्या लई येतात. पण चूल तुमच्या संगंच असते."

पुढच्या बैठकीत आम्ही हा विषय काढला. "आपली माणसे मजुरीतून वर्गणी भरतात, हॉटेल परवडेल का?" असे विचारले गेले. प्रश्न रास्त होता. आम्ही बाईंना फोन केला. त्यांनी शेजारची दोन दुकाने जोडून घेतली : एकाकडे पिठलं-भाकरी, दुसऱ्याकडे आमटी-भात, चहा स्वतःकडे. माणशी 15 रुपये जास्त पडत होते. शिवाय त्यांना इसार हवा होता. सांगून न येणाऱ्या गाड्यांमुळे शिजवलेले वाया जाते, हे त्यांचे कारण.

खजिनदार अडले. "ओळख ना देख, पैसे बुडाले तर?"

तेव्हा आम्ही नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांचा हिशेब सांगितला. नहपान राजाचा जावई उषवदात याने सुमारे 1900 वर्षांपूर्वी तो 10 क्रमांकाच्या लेण्यात कोरून ठेवला आहे. गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे 2000 कार्षापण, दरमहा शेकडा 1 व्याजाने. दुसरीकडे 1000, शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचे नाही. पहिल्या ठेवीचे वर्षाचे व्याज 240 होते. वर्षावासातल्या 20 भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी 12, म्हणजे बरोबर 240. आम्ही बी.कॉम. झालो तरी इतका चोख ताळेबंद क्वचितच पाहिला. भिक्खूंच्या वस्त्रांचा पैसा गावच्या कारागिरांच्या हाती विश्वासाने दिला होता, हे आम्हाला सांगायचे होते.

"तो राजाचा जावई. आपण वर्गणीवाले," खजिनदार म्हणाले. सगळे हसले. पण निम्मा इसार गेला.

सहल सुरळीत झाली असे नाही. वाटेत टायर फुटला, दोन तास उशीर झाला, भाकरी गार झाल्या. आमच्या महिलांनी नाके मुरडली. बाई म्हणाल्या, "सिल्लोड सोडताना फोन करत जा, मग तवा ठेवते." आणि एक सांगितले : सोमवारी लेणी बंद, त्यामुळे रविवारी गर्दी उसळते, शनिवारी या, लेकरांना नीट पाहता येईल.

इतकी वर्षे सहलीची तारीख आम्ही आमच्या सुट्ट्या पाहून ठरवत होतो. या खेपेस बैठकीआधीच बाईंना विचारून शनिवार धरला आहे. इसार किती द्यायचा, यावर मात्र खजिनदार अजून अडून आहेत.