दाभण आणि सुई

पोत्याचं तोंड शिवायला मी सहावीत असताना शिकलो. ज्वारी गळ्यापर्यंत भरली की पोतं दोन-तीनदा आपटून बसवायचं, दोन्ही कोपऱ्यांचे कान पिळून वर काढायचे आणि दाभणात सुतळी ओवून या कानापासून त्या कानापर्यंत लांब टाके घालत जायचं. टाका ढिला पडला तर बाजारात पोहोचेपर्यंत दोन शेर ज्वारी रस्त्याला सांडते, एवढं वडिलांनी एकदाच सांगितलं होतं. ते दाभण आमच्या माळवदाच्या तुळईत खोचलेलं असायचं. आईची सुई असायची तिच्या पत्र्याच्या डबीत, हळदीच्या पुडीशेजारी. एकाच घरात ही दोन अवजारं चाळीस वर्षं राहिली. वडिलांनी कधी डबी उघडली नाही, आईने कधी तुळईकडे हात केला नाही.

मला दाभण आलं, सुई आली नाही. वयाच्या अडतिसाव्या वर्षापर्यंत शर्टाचं बटण लावता येत नव्हतं आणि त्याचं काही वाटतही नव्हतं.

वाटायला लावलं तिसरीतल्या एका पोराने. पाटोदा तालुक्यातल्या एका गावात मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर होतो. दसरा झाला की गावात ट्रक, ट्रॅक्टर लागायला सुरुवात व्हायची. ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल घेतलेली घरं भांडीकुंडी, कोंबड्या, पांघरुणं चढवून पश्चिम महाराष्ट्राकडे नाहीतर कर्नाटकाकडे निघायची. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा तिथला हिशेब. दोन माणसं, चार हात, पण मोजायचे एक. मागे राहायची म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. त्या पोरांसाठी हंगामी वसतिगृह चालायचं आणि त्याची देखरेख त्या वर्षी माझ्याकडे होती.

थंडीच्या दिवसांत हा पोरगा शर्टाला बटणाऐवजी बाभळीचा काटा टोचून आला. मी म्हणालो, "आजीला सांग बटण लावून द्यायला."

"आजीला दिसत न्हाई गुरुजी," तो म्हणाला. आणि मग अगदी सरळपणे, "तुम्हाला येतंय का?"

उद्या बघू, असं मी म्हणालो. गुरुजींच्या उद्या बघूचा अर्थ जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या कुठल्याही पोराला कळतो.

घरी आल्यावर शर्ट बायकोपुढे धरला. ती म्हणाली, "आणा, लावून देते." तिला दोन मिनिटं लागली असती. का कोण जाणे, मी दिला नाही. म्हणालो, दाखव कसं लावतात. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे, कोणी येत तर नाही ना म्हणून. दोरा ओवायलाच मला दहा मिनिटं लागली. दाभणाच्या नेढ्यातून सुतळी जाते, तिथे डोळ्याला काम नसतं. सुईच्या नेढ्यापुढे मात्र माणूस एकदम लहान होतो. दोऱ्याला थुंकी लावा, पीळ द्या, टोक कातरा. तो शेजारून जातो, आत जात नाही. शेवटी बटण लागलं, पण काजाच्या रेषेत नाही, बोटभर वर. त्या पोराचा शर्ट पुढचा सगळा हिवाळा एका बाजूने वर उचललेला राहिला. प्रार्थनेला रांगेत तो उभा राहिला की माझी नजर आधी तिथे जायची.

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. पुरुषाला सुतादोऱ्याचं वावडं आहे, असं आपण धरून चालतो. मराठवाड्यातल्या कुठल्याही जुन्या गावाकडे पाहिलं तर हे खोटं ठरतं. पोळ्याच्या आधी आठ दिवस माझे वडील ओट्यावर अंबाडीचा वाख घेऊन बसायचे. अंबाडी पाण्यात कुजवून, सोलून, धुऊन काढलेला तो वाख. मांडीवर पीळ देत देत ते कासरे वळायचे, दावी वळायचे, म्होरक्या करायचे. मांडीवरचे केस त्या पिळात उपटून यायचे आणि ते शिव्या घालत पुढे वळायचे. मग रंगीत लोकरीचे गोंडे. ज्या माणसाने जन्मात स्वतःच्या सदऱ्याला ठिगळ लावलं नाही, तो शिंगाच्या गोंड्यातला एक हिरवा पदर पिवळ्याच्या जागी गेला म्हणून अख्खा गोंडा सोडून पुन्हा बांधायचा. एवढी नजर, एवढा चोखंदळपणा, आणि सगळा बैलासाठी. आईच्या फाटक्या पदराकडे ती नजर कधी वळल्याचं मला आठवत नाही.

मोटेचा नाडा आणि सोंदूर मात्र घरी वळले जात नसत. ते मांगवाड्यातून यायचे. माणसाच्या मनगटाएवढा जाड नाडा, ओल्या-सुक्या विहिरीत वर्षभर झिजणारा. त्याचा मोबदला खळ्यावरच्या धान्यात. त्या हातांना कोणी कलावंत म्हटलं नाही. दोर वळायला शिकायचं आहे का, हेही त्यांना कोणी विचारलं नव्हतं. जातीने ते हातावर लिहून दिलं होतं. आज मी हौसेने सुई हातात घेतो, तेव्हा ती हौस परवडण्याइतकी माझी जागा सुखाची होती, हे लक्षात ठेवावं लागतं.

बालाघाटाच्या माळावर मेंढरांमागे चालता चालता टकळीवर लोकर कातणारा एक म्हातारा धनगर मी लहानपणी पाहिला आहे. त्याची नजर मेंढरांवर असायची आणि बोटं आपलं काम करत राहायची. ती लोकर पुढे खड्डामागावर जायची. तिथे सनगर नाहीतर खुटेकर धनगर पुरुष बसून घोंगडी विणायचे आणि चिंचोक्याची खळ देऊन ती कडक करायचे. गेवराईच्या पलीकडे गोदावरी ओलांडली की पैठण. पैठणीच्या मागावरही पुरुष बसत आले. औरंगाबादच्या हिमरूचं तेच. आणि आपल्या मराठवाड्यातल्या नरसीचे नामदेव तर शिंपीच.

मग घरातल्या बटणाशीच काय वैर?

उत्तर मला बीडच्या बाजारात एका शिंप्याच्या दुकानात मिळालं. बायकोचं पोलकं शिवायला टाकलं होतं. मशीनवर पुरुष, कात्रीवर पुरुष, गळ्यात टेप टाकून मापं घेणाराही पुरुष. आणि कोपऱ्यात एका पिशवीत अर्धवट कपड्यांचा गठ्ठा. विचारलं तर म्हणाले, हे काज-बटण आणि तुरपाईचं, घरी पाठवायचं, बाया करतात. म्हणजे एकाच कपड्यात सरहद्द आखलेली! मशीनची टीप दुकानातली, तिचा दर वेगळा. हाताचा टाका घरातला, त्याला नगावर चार पैसे. आणि तोच टाका स्वतःच्या घरातल्या माणसासाठी घातला की तेवढेही नाहीत. पुरुषाने सुई कधीच टाकली नव्हती, त्याने फुकटची सुई टाकली होती. जिथे दाम आहे, बाजार आहे, निदान गावभर मिरवणारा बैल आहे, तिथे त्याचा हात चालला. पांघरुणापाशी, झोपेपाशी, लेकराच्या शर्टापाशी येऊन तो थांबला.

गांधीजींना 1909 साली प्रिटोरियाच्या तुरुंगात कांबळी शिवायचं काम दिलं होतं. वकील माणूस, जमिनीवर वाकून टाके घालत बसला. पुढे पन्नाशीच्या उंबरठ्यावर ते चरखा शिकले आणि येरवड्याच्या तुरुंगात पेटीत मावणारा चरखा घडला, तो येरवडा चरखा म्हणूनच ओळखला जातो. त्या वाऱ्याने शाळाशाळांत टकळी आली. आमच्या शाळेच्या जुन्या कपाटात टकळ्यांची एक पेटी मला सापडली होती, गंजलेली, तळाशी पेळूचा भुगा. आमच्या आधीच्या मास्तरांच्या वर्गात पोरांनी सूत काढलं, गुण मिळवले आणि टकळ्या पेटीत गेल्या. देशासाठी कातणं पुरुषांना जमलं. घरासाठी शिवणं राहून गेलं.

मी मात्र सेवानिवृत्त झाल्यावर गोधडी शिवायला बसलो. बटणानंतर मधल्या काळात हेम, धावदोरा, थोडी उलटी टीप एवढं शिकून झालं होतं. आता वेळ होता. जुने कपडे काढायला कपाट उघडलं आणि पहिली फजिती तिथेच झाली. माझ्या सगळ्या पँटी टेरिकॉटच्या, शर्ट पॉलिस्टर मिसळलेले, बायकोच्या साड्या सिंथेटिक. ती म्हणाली, "टेरिकॉटची गोधडी ऊब देत नाही, घाम देते." करून पाहिलं. सुई त्या कापडावरून घसरते, थर एकमेकांवर ठरत नाहीत, सगळं पळतं. गोधडीला हवं ते धुऊन धुऊन मऊ पडलेलं सुती जुनेर. या जिल्ह्याच्या शिवारात दिवाळीच्या सुमाराला बघाल तिकडे कापूस फुटलेला असतो. वडवणी, माजलगाव, गेवराईच्या जिनिंगमधून एकशे सत्तर किलोच्या गाठी बांधून ट्रक भरून जातात. आणि त्या जिल्ह्यातल्या एका मास्तराच्या कपाटात एका गोधडीपुरतं सुती कापड निघू नये! शेवटी गल्लीतल्या तीन घरांतून जुनी लुगडी, एक धोतर आणि दवाखान्याची वाटावी अशी एक पांढरी चादर जमवली.

अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी जपून ठेवली आहे. 1551 ते 1615 हा त्यांचा काळ. गीतार्णवासारखा सव्वा लाख ओव्यांचा ग्रंथ लिहिणाऱ्या या माणसाने पंचीकरण लिहिलं ते कागदावर नाही, लांबलचक पासोडीवर. पासोडी म्हणजे अंगावर घ्यायचं जाडंभरडं सुती पांघरूण. ही गोष्ट मी वर्गात वर्षानुवर्षं सांगितली. ओव्या सांगितल्या, कवी सांगितला, शाई सांगितली. ते कापड कातलं कोणी, विणलं कोणी, हे मला कधी विचारावंसं वाटलं नाही. सुई हातात आल्यावर पहिल्यांदा वाटलं.

गोधडी कडेने सुरू करतात आणि आत आत येत जातात, हेही मला ठाऊक नव्हतं. जमिनीवर थर अंथरायचे, सुरकुती काढायची, कोपऱ्यांवर वरवंटा, पितळी तांब्या असं काहीतरी वजन ठेवायचं आणि मोठे टाके घालून आधी सगळं जागेवर धरायचं. मग धावदोरा. शेजारच्या मावशी रोज दुपारी येऊन बघून जायच्या. पहिले दोन दिवस तोंडाला पदर लावून. तिसऱ्या दिवशी त्यांच्याने राहवलं नाही. "मास्तर, पोतं शिवायलात का गोधडी?" म्हणत त्या खाली बसल्या. खरंच होतं. माझा हात पोत्याचा, टाका इंचाचा. मावशींचा टाका ज्वारीच्या दाण्याएवढा, वर जेवढा दिसतो तेवढाच खाली. त्यांनी माझं बोट धरून सुई कापडात कशी टेकवायची ते दाखवलं. वर्गात मी शेकडो पोरांची बोटं धरून अक्षरं गिरवून घेतली आहेत. माझं बोट कोणी धरण्याची ही पहिलीच वेळ होती. अंगुस्तान घालायची लाज वाटली म्हणून आठ दिवस मधल्या बोटाची चाळण करून घेतली, मग मुकाट्याने घातलं.

गावातल्या हॉटेलावर ही बातमी पोहोचायला वेळ लागला नाही. "गुरुजी, पेन्शन पुरंना का?" असं एकाने विचारलं. हेही दामाचंच गणित. पुरुष सुई धरतो तर पैसे कमी पडत असणार. मी जरा शहाणपणा करायला गेलो. सांगितलं, पेरू देशात तितिकाका सरोवरात ताकिले नावाचं बेट आहे, तिथे लोकरीच्या टोप्या पुरुषच विणतात, पोरं लहानपणीच शिकतात, 2005 साली युनेस्कोने त्यांच्या विणकामाची दखल घेतली. सगळ्यांनी ऐकून घेतलं. एकजण चहाची बशी खाली ठेवत म्हणाला, "मंग तिथं ऊस नसंल."

यावर मला काही बोलता आलं नाही. सहा महिने फडात असणाऱ्या माणसाला मी काय गोधडी शिकवणार? पण त्याच फडावर, त्याच कोपीत, दिवसभर त्याच्याइतक्याच मोळ्या बांधून आलेली त्याची बायको चुलीच्या उजेडात फाटकं पांघरूण सांधत बसलेली असते, हेही खरंच. तिलाही तिथे ऊसच असतो. हे मला हॉटेलातून घरी येताना सुचलं, वेळेवर नाही.

माझी गोधडी अजून पुरी व्हायची आहे. कडेच्या चौदा ओळी झाल्या, मधला हातभर तुकडा राहिला आहे. घटस्थापनेच्या आधी घराघरातल्या गोधड्या नदीवर धुवायला निघतील, तोवर होईल असं मी धरलं होतं. काल रात्री बायकोने चष्मा लावून सगळ्या ओळींवरून बोट फिरवलं, काही न बोलता तीन ओळी उसवल्या आणि सुई परत माझ्याच हातात दिली.